हात पोचेल इतक्या अंतरावर

डॉक्टर, तुमच्या अंगावर पहिला हात मी टाकला. तुमच्याच दवाखान्यात, सकाळी अकराच्या गर्दीत. पडद्याच्या अलीकडे तुम्ही आणि मी, पलीकडे बाकावर आठ पेशंट. अशी हाणली की चष्मा उडून वजनकाट्याखाली गेला आणि बाहेर सगळ्यांचं खोकणंसुद्धा थांबलं. तुम्ही गालाला हात लावला नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली. तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले. मी का मारलं, हे मंडी मोहल्ल्यात परवापर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. मी सांगितलं. तुम्हाला विचारून सांगायला हवं होतं, पण तुम्ही छातीत कळ आली म्हणून जिन्यात टेकलात आणि तिथूनच गेलात. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावणार. दुसऱ्यांचं बीपी दर महिन्याला बघायचं आणि स्वतःचं दोन वर्षं बघायचं नाही, याला काय म्हणायचं?

तुम्ही सांगलीचे. मेधावहिनींना इथल्या कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली म्हणून त्यांच्या मागोमाग म्हैसूरला आलात आणि आमच्या मोहल्ल्यात दवाखाना टाकलात. आम्ही इथलेच, पिढ्यानपिढ्या शिंपी. देव्हाऱ्यात विठोबा आणि तोंडात निम्मं कन्नड. पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, "डॉक्टर, निन्नेपासून ताप आहे, तलेनोवु पण आहे." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "गिरिजाबाई, ताप मराठीत आलाय आणि डोकं कन्नडमध्ये दुखतंय. गोळी कुठल्या भाषेत लिहू?" डोकं ठणकत असताना मी हसले. पुढे तुमच्या बाकावरचे जुने दिवाळी अंक घरी नेऊन वाचता वाचता माझं मराठी सुधारलं. हे लिहितेय ते त्याच जोरावर.

तुमच्या खोलीत टेबल होतं, पण भिंतीला लावलेलं. पेशंटला पाठीची खुर्ची आणि तुम्हाला लाकडी स्टूल. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसायचात. तुमच्याकडे केसपेपर काढणारी पुट्टम्मा कुरकुरायची, कुणी अंगावर खोकलं तर? तुम्ही म्हणायचात, "टेबल मध्ये आलं की माणूस फक्त खोकल्याचं बोलतो."

नागेश माझा नवरा. कोटाचा कटर, बोटांत कला. तयार कपड्यांची दुकानं वाढली, कोट शिवून घेणारी माणसं कमी झाली, आणि ती बोटं आधी बाटलीकडे आणि मग माझ्या गळ्याकडे वळली. मीही मुकाट मार खाणारी नव्हे. एकदा मोजायच्या गजानं त्याचा खांदा असा फोडला होता की आठ दिवस त्याला मशीन चालवता आलं नाही. पण शेवटी ताकद त्याची. त्यानं फेकलेली इस्त्री माझ्या मनगटावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुमच्याकडे आले आणि म्हणाले, बाथरूममध्ये पाय घसरला. तुम्ही मनगटाच्या आधी दंड पाहिलात.

"बाथरूमला बोटं असतात का हो? मला चार दिसतायत."

तुम्ही नागेशला बोलावून घेतलंत. मला वाटलं, आता हा माणूस त्याला फोडून काढील. कसलं काय. तुम्ही त्याच्यासमोर स्टूल ओढून बसलात आणि त्याला सरळ विचारलंत, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. आणि तो माझा वाघ तुमच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडला. मग त्याला मनाच्या डॉक्टरकडे पाठवणं, दारू सोडवायच्या गोळ्या, दर आठवड्याला चौकशी. मी भिंतीला टेकून उभी, गळ्यात प्लास्टरचा हात, आणि मनात आलं, याला उचलून रस्त्यावर आपटावं. नागेशला नाही. तुम्हाला.

"त्याला गोळ्या आणि मला मलम?" मी ओरडले होते. आठवतं ना?

"त्याला औषध देणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे," तुम्ही म्हणालात. "पोलिसांत जायचं असेल तर मी आत्ता लिहून देतो, जखमांसकट. जाता?"

मी गेले नाही. सणासुदीचं शिवण होतं, लोक काय म्हणतील होतं, आणि हा खरंच जीव देईल ही भीती होती. तुम्ही मला राखणीला बसवलंत, डॉक्टर. सहा महिने मी दर पंधरवड्याला येऊन हजेरी द्यायची. झोपतो का? जेवतो का? मरायचं बोलतो का? मी पोपटासारखी सांगायची. तो गोळ्या घेत होता आणि मधूनच पीतही होता. प्यायला की मारायचा, उतरली की पाय धरायचा. आणि हे सांगणारी बाई स्वतः झोपते का, जेवते का, हे कुणी विचारत नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. हे तुम्ही नंतर कबूल केलंत, म्हणून पुन्हा उगाळत नाही. पण लिहून ठेवते.

आमच्यात वापरातली कात्री कुणाला देत नाहीत. मशीन देतील, गिऱ्हाईक देतील, कात्री नाही. ती एकाच हाताला बसलेली असते आणि शिंपी गेल्यावरच दुसऱ्या हातात जाते. मी माझी कात्री पुट्टम्माच्या भाचीला देऊन टाकली. ती शिवण शिकत होती, तिला उपयोग होईल म्हटलं. पुट्टम्माला काय आनंद झाला! तिनं तो तुम्हाला सांगितला, आणि तुम्ही नुसतं हूं म्हणालात म्हणे.

दोनच दिवसांनी माझी पाळी होती. नागेशचं नेहमीसारखं विचारून झालं. मी उठायला लागले तसे तुम्ही म्हणालात, "कात्री का दिलीत?"

"सुम्मने दिली, अशीच. नवीन घेणार आहे."

"घेतलीत?"

"घेईन की."

तुम्ही स्टूल पुढे ओढलंत. आवाज चढवला नाहीत, खाली आणला नाहीत. ताप किती दिवस आहे हे विचारता तसंच विचारलंत, "गिरिजाबाई, तुम्हाला मरून जावंसं वाटतं का?"

हात कधी उठला ते मला कळलं नाही. चोरी पकडली गेल्यासारखं झालं मला. घर झाडून झालं होतं, शिवलेले कपडे ज्याचे त्याला पोचवून झाले होते, सगळं ठरलं होतं, आणि या सांगलीच्या माणसानं गुडघ्याला गुडघा लावून ते उघडं पाडलं. शिवाय इतक्या उशिरा! मी पडदा ओढून बाहेर आले. बाकावरची आठही तोंडं उघडी होती. मी कुणाला काही बोलले नाही आणि घरी गेले.

गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? एकट्या बाईला पडद्याआड बसवली, बाईनं थोबाडीत दिली, यातून काय समजायचं ते लोकांनी समजून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते नागेशच्या कानावर गेलं. मला रोज मारणाऱ्या माणसाला माझ्या अब्रूचा एकदम पुळका आला. दोन मित्र घेऊन तो दवाखान्यात घुसला. औषधांचं काचेचं कपाट त्यानं ओढून पाडलं. तुम्हाला शर्टाला धरून भिंतीवर आपटलं, ओठ फाटला, पुढचा दात हलला. "एनु माडलास माझ्या बायकोला? बोल!" एकेका शब्दाला एकेक गुद्दा. आणि तुम्ही म्हणालात, "ते मी सांगू शकत नाही."

एवढंच वाक्य. बाहेर जमलेल्यांनी ते कबुलीसारखं ऐकलं. "मी तिला विचारलं, जगायचं आहे ना," इतकं तुम्ही म्हणाला असतात तर मार तिथे थांबला असता, तुमचं नाव वाचलं असतं. पण मग त्या रात्री मी त्या घरात त्याच्यासमोर उघडी पडले असते. तुम्ही दात सोडलात, शब्द सोडला नाहीत. काचेनं नागेशचा तळवा चिरला होता. पुट्टम्मा सांगते, तुम्ही तसेच रक्ताळल्या तोंडानं खाली बसलात आणि त्याच्या हाताला पाच टाके घातलेत. तो शिव्या देत होता आणि तुम्ही त्याला हात हलवू नको म्हणत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागेश बाहेर गेल्यावर पुट्टम्मा आली. कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. ती तिनं मशीनवर ठेवली आणि आपला फोन माझ्या कानाला लावला. "अक्का, तगोळ्ळी, घ्या. डॉक्टर आहेत."

सुजलेल्या ओठातून तुमचे शब्द नीट येत नव्हते. "गिरिजाबाई, काल उत्तर अर्धंच मिळालं."

"थप्पड दिली की."

"ती कळली. आता शब्दांत सांगा."

मग मी सांगितलं. हो म्हणाले. कधीपासून ते सांगितलं, आणि काय आणून कुठे ठेवलंय तेही. तुम्ही ओरडला नाहीत, देवाची शपथ घातली नाहीत, मुलीसारखी आहेस वगैरे गोड बोलला नाहीत. म्हणालात, "ते आत्ता पुट्टम्माकडे द्या. मी फोन ठेवत नाही." ब्लाउजच्या अस्तरात गुंडाळून मी तिला ते दिलं. वरुणा गावाहून माझी बहीण बस पकडून येईपर्यंत पुट्टम्मा माझ्या दारात पाय पसरून बसली होती. दुपारी तुम्ही मला मोठ्या हॉस्पिटलात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलंत. त्यांनी दिलेल्या गोळ्या तुम्ही चार-चार दिवसांच्याच हातात द्यायचात. आणि रोज सकाळी नऊला फोन. आठ महिने, एक दिवस चुकला नाही. "आज कसं?" मी कधी शिव्या घातल्या, कधी रडले, कधी नुसतं "आहे" म्हटलं. तुम्हाला तेवढं पुरायचं.

मी एकदा विचारलं होतं, तुम्ही विचारलंत म्हणून कुणी खरंच करून बसलं तर? तुम्ही म्हणालात, "विचारण्यानं ते डोक्यात येत नाही हो. आधीच आलेलं असतं. विचारलं की त्याला बाहेर यायला वाट मिळते. मी तुम्हाला सहा महिने आधी विचारायला हवं होतं. चुकलो." इतका साधा माणूस मला थप्पड मारायला मिळाला, हे माझं नशीब.

तुम्ही लिहून दिलेला कागद घेऊन मी शेवटी पोलिसांत गेले. नागेश आता बन्नूरला भावाकडे असतो, शाळांचे युनिफॉर्म शिवतो, पीत नाही म्हणतात. गेल्या महिन्यात तुम्ही म्हणालात, तो बीपीच्या गोळ्यांना आला होता, माझी चौकशी करत होता. मी तुमच्यावर खेकसले, त्याला माझं काही सांगायचं नाही. तुम्ही म्हणालात, "सांगितलं नाही. पण तो जगला, हे वाईट झालं का?" मी चप्पल घालून चालू पडले. तो वाद तसाच राहिला, डॉक्टर. अजूनही माझी जीभ वळत नाही. तुम्ही असतात तर आणखी दहा वर्षं भांडले असते.

पण माझी जीभ जिथे वळायला हवी होती तिथेही वळली नाही. त्या थपडेनंतर बायका तुमच्याकडे यायच्या बंद झाल्या. आल्या तर नवऱ्याला घेऊन. लोकांनी पडदा काढायला लावला, तो तुम्ही काढलात. मध्ये टेबल घाला म्हणाले, ते घातलं नाहीत. तुमच्या पाठीमागे पोरीबाळी फिदीफिदी हसायच्या. मी शेजारच्या गल्लीत बसून ब्लाउजला हुक लावत होते आणि गप्प होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. वेडी म्हणतील, वेडीकडे कोण कपडे शिवायला टाकणार? एकदा भीत भीत विचारलं, "डॉक्टर, सांगू का लोकांना?" तुम्ही म्हणालात, "स्वतःसाठी सांगावंसं वाटलं तर सांगा. माझ्यासाठी नको." ते वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं आणि अकरा वर्षं त्याच्या आड लपले. तुमचा मोठेपणा मला फार सोयीचा पडला.

परवा आमच्या विठोबाच्या देवळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मेल्यावर सगळेच देव होतात, तुम्हीही झालात. जे तुमच्या दारावर थुंकले होते ते हार घेऊन आले होते. पुढच्या रांगेत मेधावहिनी, ताठ, डोळे कोरडे. एक जण उभा राहिला, त्या दिवशी बाकावर होता तोच. म्हणाला, "तसा देवमाणूस. ते एक प्रकरण सोडलं तर..."

मी माइक हिसकावून घेतला. त्याचं बोट पिरगळलं असेल, विव्हळला तो. "प्रकरण मी आहे," मी म्हणाले. "मला मरायचं होतं. घरात कुणाला कळलं नाही, तुम्हाला कुणाला कळलं नाही. या माणसानं विचारलं, म्हणून मी त्याला मारलं. आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून अकरा वर्षं मारलंत. मीसुद्धा." कुणीतरी "अय्यो" म्हणालं. मला वाटलं होतं छाती हलकी होईल. तेवढ्यात मेधावहिनी उठल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या, आणि मला कळलं की तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं.

घरातही नाही, डॉक्टर? बायकोलाही नाही?

काल सकाळी त्यांच्याकडे गेले. दारात तीन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या फुगून पडल्या होत्या. वहिनींनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. "अकरा वर्षं," त्या म्हणाल्या. "त्यांना मी एकदाच विचारलं होतं. म्हणाले, पेशंटचं आहे, सांगता येत नाही. मी दुसऱ्या खोलीत झोपायला लागले. अकरा वर्षं, गिरिजाबाई. एका वाक्याचं काम होतं तुमचं."

"हो," मी म्हणाले.

मग त्या एकदम शांत झाल्या. कपाट उघडून तुमचा स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. दिवाळी अंकांचा गठ्ठा दिला, मला आवडायचे म्हणून. स्वतःच्या दोन रेशमी साड्या काढल्या, पुट्टम्माच्या भाचीला द्या म्हणाल्या. शेवटी दवाखान्यातून आणलेलं तुमचं स्टूल उचलून माझ्यापुढे ठेवलं. "हे मशीनला होईल तुम्हाला. घेऊन जा सगळं. मला आता काही लागणार नाही."

ही कात्री मी ओळखते, डॉक्टर.

हातातलं सगळं मी जमिनीवर ठेवलं. स्टूल त्यांच्या खुर्चीसमोर ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल असं बसले. तोंडाला कोरड पडली होती. तुमच्या तोंडाला पडत होती का? कधी दिसलं नाही.

"वहिनी," मी म्हणाले, "तुम्हाला मरून जावंसं वाटतं का?"

त्यांनी सणसणीत वाजवली. कान सुन्न झाला, डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही गाल चोळला नव्हतात, मीही चोळला नाही. "हे कळलं मला," मी म्हणाले. "आता शब्दांत सांगा."

मग त्या बोलायला लागल्या, आणि दुपारचे दोन वाजले तरी बोलत होत्या. तुम्हाला शिव्या घातल्या, मला घातल्या, मधेच माझ्या मांडीवर मुठी आपटल्या; निळी पडली आहे. जे काढून घ्यायचं होतं ते मी काढून घेतलं आणि पुट्टम्माला बोलावलं. ती रात्रभर त्यांच्याजवळ राहिली. आज त्यांच्या भावाला सांगलीहून निघायला सांगितलंय. उद्या दहा वाजता मी त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे. सकाळी नऊचा फोन आज मी केला. "आज कसं?" विचारलं. त्या म्हणाल्या, "आहे."

स्टूल मी घरी आणलेलं नाही. ते तिथेच लागणार आहे.